डाव्या हातातले देव

शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि तेवढ्या वर्षांत मी आपणहून चूक कबूल केल्याचं कुणाला आठवणार नाही. मलाही आठवत नाही. चुका होत नव्हत्या असं नाही, पण आमच्या घराण्यातच मान जरा ताठ, आणि माझी सगळ्यांत जास्त. म्हणून तर वाचनालयातल्या त्या दुपारची गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असते. बहिणी म्हणतात, तू हल्ली स्वतःच्या फजितीचीसुद्धा बढाई मारतेस. मारते. फजितीच तशी झाली होती.

देवळाली कॅम्पमधला एक जुना बंगला रिकामा होत होता. मालकांनी पुस्तकांची कपाटं आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयाला देऊन टाकली. एका कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात एक चपटी पत्र्याची पेटी निघाली आणि तिच्यात पातळ कागदात गुंडाळलेली बारा चित्रं. रंगाचा थेंब नाही, सगळं काळ्या रेघांचं काम. युरोपात ज्याला बरोक काळ म्हणतात, त्या काळातली, म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्या खाचांत शाई भरायची आणि वर ओला कागद दाबून ठसा घ्यायचा, अशी ती छापलेली. विषय सगळे जुन्या ग्रीक आणि रोमन काव्यांतले. वाळवीनं त्यांना कसं सोडलं, देव जाणे.

वाचनालयाच्या चिटणीसांनी मला फोन केला. गावात चित्रातलं कळणारी माणसं बरीच असतील, पण निवृत्त झालेली आणि फुकटात काम करणारी मीच. प्रदर्शन भरवायचं ठरलं. प्रत्येक चित्राखाली लावायला मराठीत टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन महिने दुसरं काही केलं नाही. भाषांतरं वाचली, चष्म्याचा नंबर वाढला, घरात भाजी करपली. बारापैकी अकरा टिपणं बरी झाली. बारावं झालं तेव्हा मी स्वतःलाच शाबासकी दिली.

त्या चित्रात एक शहर जळतंय. मधोमध एक योद्धा, त्याच्या खांद्यावर त्याचा म्हातारा बाप. शेजारी योद्ध्याचा लहान मुलगा त्याचं बोट धरून निघालाय, आणि मागे, धुरात अर्धीअधिक बुडालेली, योद्ध्याची बायको. म्हाताऱ्याच्या हातात घरचे देव, छोट्या दोन मूर्ती, छातीशी घट्ट धरलेल्या. त्या काळचे चित्रकार काही उगाच काढत नसत. कडेला मोडलेला खांब आहे, तो बुडालेल्या राज्याचा. मुलाच्या केसांवर एक ज्योत आहे आणि ती त्याला भाजत नाही, म्हणजे हे पोर पुढं राजवंश चालवणार. वर धुराच्या फटीतून एकच तारा दिसतो, तो वाट दाखवणारा. आजा, बाप आणि नातू म्हणजे काल, आज आणि उद्या. आणि देव म्हाताऱ्याकडे का? तर योद्धा लढाईतून आलाय, त्याच्या हाताला रक्त आहे. वाहत्या पाण्यात हात धुतल्याशिवाय तो देवांना शिवणार नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून मोठ्यानं हसले. कुठलं रोम, कुठलं नाशिक, आणि सोवळं मात्र तेच.

पण मला खरी गोष्ट दिसली ती पुढची. देव म्हाताऱ्याच्या डाव्या हातात होते.

आमच्या घरात प्रसादाला डावा हात पुढं केला की आई हातावर फटका मारायची. पाहुणे असोत नाहीतर सण असो, फटका ठरलेला. त्यामुळे तो डावा हात मला चित्र बघताक्षणी टोचला. मोडका खांब दिसायच्या आधी, तारा दिसायच्या आधी. आणि मला अर्थ सुचला. या देवांनी शहर राखलं नाही. ते हरलेले देव आहेत, म्हणून चित्रकारानं त्यांना उजव्या हाताचा मान दिलेला नाही. म्हातारा त्यांना टाकूनही देत नाही आणि मानही देत नाही. मी हे सगळं झोकात लिहिलं. ‘डाव्या हातातले देव’ असा मथळा दिला आणि टिपण मोठ्या अक्षरांत छापून फळ्यावर लावलं.

प्रदर्शनासाठी मुंबईहून कलेच्या इतिहासाच्या एक प्राध्यापक आल्या होत्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळी चित्रं बघितली, बाराव्यापाशी थांबल्या आणि माझं टिपण दोनदा वाचलं. ‘हे मी कुठंच वाचलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘हे इथल्याच माणसाला दिसू शकतं.’ दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात मी या चित्रावरच बोलावं आणि नंतर तो लेख त्यांच्या संग्रहासाठी द्यावा, असंही सुचवलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

आता माझ्या बाबांविषयी सांगायला हवं, आणि ते सांगायला मी नेहमी इतकाच उशीर करत आले.

बाबा भांडीबाजारात भांड्यांवर नावं घालायचे. दुकानाच्या पायरीवर पोतं टाकून बसायचे. समोर हंडा, कळशी, ताट, जे काय लग्नाचं असेल ते, आणि हातात छिन्नी-हातोडी. ठिपक्याशेजारी ठिपका मारत अक्षर व्हायचं. कुणाकडून कुणाला, कोणत्या दिवशी, सगळं त्या टकटकीतून उमटायचं. नाशकातल्या किती घरांत त्यांच्या हातची अक्षरं आहेत याला गणती नाही. पुढं विजेचं पेन आलं, आता तर मशीनवर अर्ध्या मिनिटात काम होतं. बाबांनी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर पायरी सोडली.

कला महाविद्यालयात मुंबईला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीनं विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘नावं घालतात म्हणजे? पायरीवर बसून?’ तिनं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. पण त्यानंतर कुणीही विचारलं की मी म्हणायची, वडील भांड्यांच्या धंद्यात आहेत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि खरं तर काहीच नव्हतं. शाळेतही हेच उत्तर चाललं. प्रदर्शनाच्या पत्रिकेत माझ्या परिचयात मी लिहिलं होतं, ‘कलेचा वारसा लाभलेल्या घरात जन्म.’ वाचणाऱ्याला वाटावं, घरी तैलचित्रं टांगलेली असणार.

पाहुण्या बाई विश्रामगृहावर गेल्या आणि मी रिक्षा करून बाबांना घेऊन आले. खोटं कशाला बोलू, दाखवायलाच आणलं होतं. माझं लिखाण, माझा फळा, मुंबईच्या बाईंनी केलेलं माझं कौतुक. बाबांनी खिशातून भिंग काढलं. पहिलं चित्र बघायला त्यांना दहा मिनिटं लागली. गोष्ट काय आहे हे त्यांनी विचारलंच नाही, ते रेघा बघत होते.

बाराव्यापाशी आले आणि म्हाताऱ्याच्या उघड्या खांद्यावर भिंग धरून उभे राहिले.

‘हे बघितलंस का?’ ते म्हणाले. ‘रेघांवर रेघा मारून चौकटी केल्यात, आणि प्रत्येक चौकटीत एक ठिपका टाकलाय. एक सुटला नाही. म्हणून कातडी जिवंत वाटते.’

‘हो, तशी पद्धतच होती त्यांची,’ मी म्हटलं.

‘पद्धत असेल. पण हात नाही हलला कुठं. आणि ही गोल रेघ बघ. हा कोरणी नाही फिरवत, कोरणी जागेवर ठेवून पत्रा फिरवतो. मी कळशी फिरवायचो ना, तशी.’

मग मी त्यांना गोष्ट सांगितली. रक्ताच्या हाताचं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, यात काय विशेष, अशी. ‘आणि ती मागची बाई?’ त्यांनी विचारलं. ती वाटेत हरवते, पुन्हा भेटत नाही, असं मी म्हटलं. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबांनी भिंग शर्टाला पुसलं.

मग त्यांनी माझं टिपण वाचायला घेतलं. ते ओठ हलवत वाचतात. संपल्यावर पुन्हा चित्राकडे वळले आणि भिंग धुराकडे नेलं, जिथं चार-पाच बोटभर उंचीचे सैनिक आहेत.

‘याची तलवार कुठल्या हातात आहे?’

मी बघितलं. डाव्या.

‘आणि या दुसऱ्याची? आणि तो जिन्यावरचा?’

डाव्या. डाव्या.

‘सगळं सैन्यच डावखुरं भरती केलं होतं की काय?’ बाबा म्हणाले. ‘आणि या मधल्या गड्याचं म्यान उजव्या कमरेला आहे. उजव्या हातानं उपसणार कशी तलवार?’

मला कळलं. त्यांनी पुढं बोलायच्या आत कळलं आणि कानशिलं गरम झाली. पत्र्यावर जे सुलटं कोरलं ते कागदावर उलटं उमटतं. कोरणाऱ्यानं मूळ चित्र समोर ठेवून जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं होतं. मूळ चित्रात देव उजव्याच हातात असणार. मानानं, जसे धरायला हवेत तसेच.

आणि हे कुणाला कळलं नाही, तर मला! बाबा पितळेच्या मुद्रा कोरायचे, गोपीचंदनात बुडवून कपाळा-दंडावर उठवतात त्या. रामनाम त्यांवर उलटं कोरावं लागतं. सहासात वर्षांची असताना ती उलटी अक्षरं बघून मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला लिहिता येत नाही. त्यांनी मुद्रा माझ्या दंडावर दाबली होती आणि नाव सुलटं उमटलं होतं. त्या घरात वाढलेली मी, आणि दोन महिने त्या कागदाला नाक लावून बसले होते. परदेशातल्या कुणी डाव्या हाताकडे बघितलंही नसतं. फटके खाल्लेल्या माझ्यासारखीलाच तो दिसायचा, आणि मलाच तो फसवणार.

‘मग खालच्या ओळी सुलट्या कशा?’ मी शेवटचा प्रयत्न करून बघितला. चित्राखाली लॅटिनच्या दोन ओळी होत्या.

‘उलट्या कोरल्या म्हणून सुलट्या. चित्र उलटं चालतं, अक्षर चालत नाही.’ त्यांनी भिंग ओळीवरून हळूहळू नेलं. ‘अक्षरवाला निराळा आहे. हात निराळा आहे. फार चांगला आहे.’ हे शेवटचं ते ज्या सुरात म्हणाले, तो सूर मी माझ्या कुठल्याही चित्रासाठी ऐकला नव्हता.

मग माझं तोंड बघून म्हणाले, ‘राहू दे. छान लिहिलंयस तू. कोणाला कळतंय?’

मी चिडले. ‘मग सांगितलंत कशाला?’

‘दिसलं म्हणून सांगितलं,’ ते म्हणाले. ‘तुझं बघ तू.’

घरी येऊन मी टिपण चार वेळा वाचलं. बदलता येण्यासारखं काही नव्हतं, सगळी इमारत त्या हातावर उभी होती. गप्प बसले असते तर लेख छापून आला असता, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी त्या सैनिकांकडे बघितलं असतं. ते एक. दुसरं म्हणजे, चूक कबूल करायची तर ती दाखवली कुणी हेही सांगावं लागणार होतं. त्यातलं चूक कबूल करणंच जास्त जड जाईल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वेगळ्या रिक्षानं, माझ्याआधीच येऊन बसले होते. तिसऱ्या रांगेत, कडेला. मी चित्र समजावून सांगितलं, ज्योत, खांब, तारा, सगळं. डाव्या हातापाशी आले, फळ्यावरचं टिपण काढून उलटं ठेवलं आणि म्हटलं, ‘हे मी लिहिलं ते चुकलंय.’ बोलले आणि पायाखालची जमीन काही हलली नाही. सैनिक दाखवले, म्यान दाखवलं. लोक पुढं झुकून बघायला लागले. पाहुण्या बाईंनी कपाळावर हात मारला. ‘मीसुद्धा बघितलं नाही!’ त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं की मी वाहवते.

‘एका जाणकार कारागिरांनी हे माझ्या लक्षात आणून दिलं,’ मी म्हटलं. एवढंच. आणि पुढं हशा मिळावा म्हणून जोडलं, ‘थोडक्यात काय, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कोरणाऱ्यानं आळस केला आणि मी त्याच्या आळसाला तत्त्वज्ञान समजले.’

लोक हसले. तिसऱ्या रांगेत बाबा उभे राहिले.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘आळस नाही तो.’

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

‘समोरचं चित्र सुलटं उमटवायचं तर आरसा ठेवून, आरशात बघून कोरावं लागतं. त्यात रेघ थरथरते. मी करून बघितलंय. मॅडम, तुम्ही या कागदावर थरथरलेली एक रेघ दाखवा. नाही सापडणार. त्याला माहीत होतं हात उलटे उमटणार. त्यानं ठरवलं, हात उलटे झाले तरी चालतील, रेघ मोडायला नको. मी असतो तर हेच केलं असतं.’

पाहुण्या बाई वळून बसल्या. ‘आपण कुठं शिकलात हे?’

‘मी भांड्यांवर नावं घालायचो. भांडीबाजारात, पायरीवर.’

‘म्हणजे यांना सांगणारे कारागीर तुम्हीच?’

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मॅडमनी चित्र दाखवलं,’ ते म्हणाले, ‘तेव्हा दिसलं ते बोललो.’ आणि बसायला लागले.

या माणसानं मला रागानं आणि लाडानं किती नावांनी हाक मारली असेल. मॅडम कधी म्हटलं नव्हतं. वेगळ्या रिक्षानं का आले, कडेला का बसले, ते मला तेव्हा उलगडलं. इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आज भर सभेत, स्वतःच्या पोटच्या मुलीसाठी, ते परके झाले होते. मला रडू आलं आणि रागही आला, माझाच. माईक हातात होताच.

‘मॅडम नाही,’ मी म्हटलं. ‘हे माझे वडील आहेत. मी कोरीवकाम पहिल्यांदा बघितलं ते यांच्या पायरीवर. पत्रिकेत जो वारसा छापलाय तो हा, आणि हे सांगायची मला आजवर लाज वाटली. ती दुसरी चूक, आणि ती मोठी.’

बाबा अर्धवट बसलेले, तसेच थांबले. मग सरळ उभे राहिले.

‘मग हे आधी सांगायचं,’ ते म्हणाले, ‘म्हणजे मला इथनं ओरडावं लागलं नसतं.’

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ते मधल्या वाटेनं पुढं आले, माझ्या हातातली चित्र दाखवायची काठी घेतली आणि मला बसायची खूण केली. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. माझ्याच व्याख्यानात, माझ्याच जागी उभे राहून ते पाऊण तास बोलले. बारापैकी कुठली चित्रं उलटी, कुठली सुलटी, कुठं पत्रा झिजला होता आणि कुठं अक्षरवाल्यानं जागा कमी पडली म्हणून शेवटचा शब्द दाटीनं बसवला, सगळं. पाहुण्या बाई वहीत लिहून घेत होत्या.

मध्येच उशिरा आलेले एक गृहस्थ माझ्या मागे येऊन बसले आणि वाकून विचारलं, ‘हे कोण बोलतायत?’

‘माझे वडील,’ मी म्हटलं. मग बाबांचं बोलणं ऐकता ऐकता मी सारखी दाराकडे बघत राहिले, आणखी कुणी उशिरा येतंय का म्हणून.